नवप्रवर्तन, व्यावसायिक
नवप्रवर्तन, व्यावसायिक : नवी वस्तू, उत्पादनाची नवी पद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा उगम किंवा उद्योगाची नवी संघटना यांपैकी कशाचाही व्यवहारात प्रथमच अवलंब करणे, यास ‘नवप्रवर्तन’ म्हणतात. हे वर्गीकरण ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपेटर (१८८३–१९५०) यांचे होय. त्यांच्या मते शोध लावणे व तो जोखीम पतकरून व्यवहारात आणणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. प्रवर्तकास मिळणारा जादा नफा अनुकरण करणारे पुढे येईपर्यंतच टिकतो. तथापि नफ्याखेरीज स्वतःचे साम्राज्य उभारण्याची आकांक्षा, जिंकण्याची ईर्षा आणि निर्मितीचा आनंद या प्रेरणाही शुंपेटर यांनी महत्त्वाच्या मानल्या.

आर्थिक प्रेरणा : महाग झालेल्या उत्पादन घटकाची बचत करण्याकडे नवप्रवर्तनाचा कल असतो, असे जॉन हिक्स यांनी १९३२ मध्ये दाखविले. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या कथिल व तांब्याच्या खाणींतील पाणी उपसण्यासाठी लागणारा कोळसा बाहेरून आणावा लागे. जेम्स वॉट यांच्या एंजिनास (एकस्व १७६९) तेथे मागणी आली, ती त्यामुळेच. जुन्या एंजिनाच्या तुलनेने वाचलेल्या इंधनाच्या किंमतीचा एक-तृतीयांश भाग बोल्टन व वॉट आकारीत. मात्र संसदेने १७७५ मध्ये या एकस्वाची मुदत १८०० पर्यंत वाढविल्याने इतरांच्या सुधारणांना अडसर निर्माण झाला.

सामाजिक प्रेरणा : एकस्वाची मुदत संपल्यानंतर त्याच खाणींत वेगळी प्रथा पडली. १८११ पासून निरनिराळ्या एंजिनांच्या कार्यक्षमतेचा मासिक अहवाल प्रसिद्ध होऊ लागला. अनेक सुधारणा एकस्वाविना सर्वांना खुल्या राहिल्या आणि एंजिनांची कार्यक्षमता पुढे कित्येक वर्षे वाढत गेली. अभियंत्यांस यातून लौकिक मिळे व लौकिकातून काम मिळे. म्हणजेच प्रतिष्ठा व प्राप्ती या प्रेरणा येथे परस्परपूरक ठरल्या.

नवप्रवर्तनाचा स्वीकारही समाजावर अवलंबून असतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे प्रारंभी त्यास गिऱ्हाईक मिळेना. पुढे औंध संस्थानाच्या अधिपतींनी जमीन व अर्थसाहाय्य दिल्याने १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला.

बाजारपेठ क्रयशक्ती असलेल्यांचीच गरज जाणते. त्यामुळे केवळ नफ्याच्या प्रेरणेने होणारे नवप्रवर्तन निर्धनांपर्यंत सहसा पोहोचत नाही. मदुराई येथे १९७६ मध्ये गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी स्थापिलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ही उणीव निराळ्या संघटनेने भरून काढली. तेथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची कामे टप्प्याटप्प्यांत विभागून त्यांची संख्या वाढविण्यात आली व सशुल्क रुग्णांच्या उत्पन्नातून निर्धनांवर विनामूल्य उपचार होऊ लागले. आयात केलेली कृत्रिम भिंगे महाग पडत. म्हणून १९९२ मध्ये त्यांच्या निर्मितीसाठी ‘ऑरोलॅब’ ही संस्था काढण्यात आली. हेतू सेवेचा असला, तरी खर्चाचा काटेकोर हिशेब हाच या प्रयोगाचा आधार होय.