९७ वर्षं राबलेला गोदावरीवरचा पूल

त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावणारी आपली गोदामाई नाशिक, पैठण, नांदेड करीत आंध्रात राजमहेंद्रीला पोचते, तेव्हा तिचं पात्र अडीच किलोमीटरच्याही पुढं रुंदावलेलं असतं. पूर्वी रेल्वेच्या उतारूंना इथं नावेनं पैलतीर गाठावा लागे.

११ नोव्हेंबर १८९७ रोजी पुलाचं काम सुरू झालं आणि ३० ऑगस्ट १९०० रोजी त्यावरून गाड्या धावू लागल्या. अभियंता होते वॉल्टन. मद्रासचे गव्हर्नर हॅवलॉक यांचं नाव पुलाला मिळालं. दीडशे फुटांचे तब्बल ५६ गाळे!

आता बघा, वाळूच्या पात्रात खांब टिकतो कसा? तर त्याच्याखाली विहीर असते. वर कडं बांधत जायचं, आतली वाळू उपसायची, म्हणजे विहीर आपल्याच वजनानं खाली बसत जाते. पुरेशी खोल गेली की ती भरून घ्यायची आणि वर दगडी खांब चढवायचा. भोवतीची वाळूच तिला घट्ट धरून ठेवते. या पुलानं १९८६ चा महापूरही सोसला. १९९७ साली शेजारी नवा कमानी पूल झाला, तेव्हा कुठं तो निवृत्त झाला.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांनी यातून एवढंच ध्यानात घ्यावं : पुलाजवळची वाळू उपसणं म्हणजे खांबाचा आधारच काढून नेणं. रात्री पुलाखाली ट्रॅक्टर दिसला, तर ‘आपलं काय जातंय’ म्हणू नका. त्याच पुलावरून आपली पोरं शाळेत जातात.