मार्क वाया जातीन ना!

जुलै महिना. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडच्या आसपास सोयाबीनमध्ये डवरे फिरत असतात आणि गावात ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशा पाटीच्या दुकानांत बारावी झालेली पोरं आणि त्यांचे वडील दाटीवाटीने बसलेले असतात. सीईटीचा निकाल हातात असतो, समोर अभियांत्रिकीचा विकल्प अर्ज उघडलेला असतो. मुलगा शेगावचं नाव वर घालायला सांगतो आणि मागून कुणीतरी, बहुधा मामा, म्हणतो, “एवढे पर्सेंटाइल पाडले अन् शेगावले? मार्क वाया जातीन ना बाप्पा!”

हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. शेगावच्या जागी अमरावती येते, पुसद येतं, अकोल्याचं कृषी विद्यापीठ येतं; ‘वाया’ मात्र कायम राहतं. जणू मार्क म्हणजे खिशातले पैसे आणि कॉलेज म्हणजे दुकान. शंभराची नोट देऊन साठाचा माल घेतला तर चाळीस रुपये गेले. जास्त कटऑफचं कॉलेज सोडून कमी कटऑफचं घेतलं की तेवढे मार्क पाण्यात. हिशेब सोपा आहे, पटकन पटतो, आणि साफ चुकीचा आहे.

कटऑफ म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागते. त्या कॉलेजात, त्या शाखेत, त्या प्रवर्गाच्या जागेवर, त्या फेरीत शेवटी ज्याला प्रवेश मिळाला त्याचे गुण, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा कॉलेज ठरवत नाही. किती जणांनी ती जागा मागितली आणि जागा किती होत्या, यावरून तो आपोआप ठरतो. शिक्षक कसे आहेत, प्रयोगशाळेतली यंत्रं चालू आहेत की झाकून ठेवली आहेत, चार वर्षांनी मुलं काय करतात, यातलं काहीही कटऑफ मोजत नाही.

विश्वास बसत नसेल तर सीईटी कक्षाची कटऑफची यादी उघडून एकाच कॉलेजची एकच शाखा बघावी. जीओपेनएच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांसाठीची खुली जागा, जीओपेनओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठीची, एल लागला की मुलींसाठीची, शिवाय ईडब्ल्यूएस आणि शिक्षण शुल्क माफीच्या जागा वेगळ्या. प्रत्येक रकान्यात आकडा निराळा. दुसऱ्या फेरीची यादी उघडली की हे आकडेही बदललेले. वर्ग तोच, फळा तोच, शिकवणारे तेच. मग त्या कॉलेजचा ‘खरा दर्जा’ यातल्या कोणत्या रकान्यात आहे?

रिसोडच्या माणसाला हे खरं तर वेगळं समजावायला नको. बाजार समितीत आज सोयाबीनचा भाव एक असतो, आठ दिवसांनी दुसरा. आवक वाढली की पडतो, मागणी आली की चढतो. भाव पडला म्हणून दाण्यातलं तेल कमी होत नाही, हे ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा असलेला प्रत्येक जण जाणतो. तोच माणूस पोराच्या कॉलेजची गोष्ट निघाली की भावालाच दाणा समजतो.

पर्सेंटाइलबद्दलचा गोंधळही याच गैरसमजाला खतपाणी घालतो. 92 पर्सेंटाइल म्हणजे 92 टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी 92 टक्के विद्यार्थी त्याच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढंच. तीन लाख मुलं बसली असं धरलं तर एका पर्सेंटाइलमध्ये तीन हजार जण मावतात. म्हणून 91 आणि 92 मधलं अंतर गुणवत्ता यादीत लांबलचक दिसतं, पण प्रत्यक्ष पेपरात ते थोड्याशाच प्रश्नांचं असू शकतं. त्या थोड्याशा प्रश्नांवर चार वर्षं कुठे काढायची, हे ठरवायला घरं निघतात.

आता मामाच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं, कारण तो पूर्णपणे चुकलेला नाही.

नामांकित कॉलेजने खरोखर फरक पडतो का, हे अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं आहे. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच कुवतीच्या विद्यार्थ्यांची तुलना केली. काही जण अधिक निवडक कॉलेजात गेले होते, काही जण साध्या. पुढची कमाई साधारण सारखीच निघाली. कॉलेजने मुलांना घडवलं असं जे वाटत होतं, त्यातलं बरंचसं मुलांनी सोबतच आणलेलं होतं. पण याच अभ्यासात एक अपवादही सापडला, आणि तो रिसोडसाठी महत्त्वाचा आहे: कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना निवडक कॉलेजचा फायदा झाला. ज्याच्या घरात ओळखी नाहीत, नोकरीच्या बाजाराची माहिती नाही, त्याला कॉलेजचं नाव आणि तिथले मित्र उपयोगी पडतात, असा याचा अर्थ लावता येतो.

भारतातलाही एक पुरावा आहे. शीतल सेखरी यांच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कटऑफच्या अगदी काठावर असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना होती. काठावरून आत जाऊन नामांकित सार्वजनिक कॉलेजात शिकलेल्यांचा पगार जास्त निघाला. शेवटच्या परीक्षेतल्या गुणांत मात्र फरक नव्हता. म्हणजे जास्तीचं शिकणं दिसलं नाही, नावाचा भाव मिळाला.

तेव्हा नाव फुकट नाही. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय यांच्या दारात मुलगा पोचत असेल आणि हवी ती शाखा मिळत असेल, तर तिथे जाऊ नको म्हणणारा शहाणा सापडणार नाही. खरा प्रश्न मधल्या पट्ट्यातला आहे. पुण्यात कसलाही नावलौकिक नसलेलं, पण ‘पुण्यातलं’ म्हणून कटऑफ चढलेलं खासगी कॉलेज एका बाजूला. 1964 पासून चालत आलेलं अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा 1983 मध्ये सुरू झालेलं शेगावचं गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय दुसऱ्या बाजूला. इथे ‘वाया’चा हिशेब मुलाला सरळ चुकीच्या गाडीत बसवतो. खोलीभाडं, मेस आणि दर सणाला ट्रॅव्हल्सचं तिकीट हा खर्च कटऑफच्या यादीत छापलेला नसतो.

मग बघायचं काय? पहिली गोष्ट, मुलाला पुढे काय करायचं आहे. हे सतराव्या-अठराव्या वर्षी पक्कं माहीत नसतं, मान्य. पण दिशा बहुतेकांना माहीत असते, निदान काय करायचं नाही हे तरी. स्पर्धा परीक्षाच द्यायची असेल तर राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांत स्थापत्य, यंत्र, विद्युत अभियांत्रिकी आणि कृषी आहेत. सगळ्यात जास्त कटऑफवाली संगणकशास्त्राची शाखा तिथे नाहीच. बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याच्या पदाला कृषी किंवा तिला जोडून असलेल्या शाखेची पदवी लागते, संगणकवाला तिथे अर्जही करू शकत नाही. त्या वाटेने जाणाऱ्या मुलाने 1969 पासून चालणाऱ्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात प्रवेश घेतला, तर त्याचे मार्क वाया गेले की कामी आले? कृषी पदवीधर शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन काय काम करतात, हे पाहायला तर रिसोडकरांना लांब जायची गरज नाही. कृषी विज्ञान केंद्र तालुक्यातच, करड्याला आहे.

दुसरी गोष्ट, मुलगी किंवा मुलगा कसा आहे. दोनशे जणांच्या वर्गात हात वर करून प्रश्न विचारणारा आहे, की शिक्षकाने नावानिशी ओळखलं तरच फुलणारा? घरापासून लांब गेल्यावर सुटणारा, की कोमेजणारा? हे मामाला कळत नाही. आईला बहुतेक वेळा कळतं, पण फॉर्म भरताना तिला कुणी विचारत नाही.

आणि कॉलेजबद्दल विचारायचंच असेल तर आकडे नेमके विचारावेत. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांनी आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायची असते. त्यात किती मुलं आली, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मध्यक पगार किती, हे वर्षवार दिलेलं असतं. माहिती संस्थेनेच भरलेली असते, हे लक्षात ठेवून वाचावी. तरीही जाहिरातीतल्या ‘सर्वोच्च पॅकेज 40 लाख’पेक्षा ती शंभर पटीने बरी. समजा दहा मुलांपैकी एकाला 40 लाख मिळाले आणि उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी 4 लाख. सरासरी येते 7.6 लाख आणि मध्यक येतो 4 लाख. फ्लेक्सवर पहिला मुलगा असतो. आपला मुलगा बहुधा उरलेल्या नऊ जणांत असणार.

क्रमवारीतला क्रमांक मात्र जपून वापरावा. अभियांत्रिकीच्या क्रमवारीत 30 टक्के भार संशोधनाला आहे. पीएचडी करायची असेल तर तो कामाचा. पुढच्या चार वर्षांत नोकरी हवी असेल तर पगाराचा आणि वेळेत पास होणाऱ्यांचा तक्ता आधी उघडावा.

वऱ्हाडातलंच उदाहरण घ्यायचं तर विजय भटकर यांचं घ्यावं. जन्म अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचा. अभियांत्रिकीची पदवी नागपूरच्या त्या वेळच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, पुढचं शिक्षण बडोद्याला, पीएचडी दिल्लीच्या आयआयटीत. 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. एका माणसाच्या यशावरून नियम काढता येत नाही, पण पदवी जवळच्या शहरात घेतली म्हणून पुढचे दरवाजे बंद होतात, हे म्हणणं खोडायला एक उदाहरण पुरतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘रिसोडचा आहे म्हणजे होम युनिव्हर्सिटी अमरावतीच.’ नाही. बारावी कुठून पास झाली, यावर ते ठरतं. अकरावी-बारावीला लातूरला गेलेला रिसोडचा मुलगा प्रवेशाच्या कागदावर नांदेड विद्यापीठ क्षेत्रातला होतो, आणि अमरावती विद्यापीठातल्या कॉलेजांत बाहेरचा. ‘लातूर पॅटर्न’ला पाठवताना हे फारसं कुणी सांगत नाही.

‘मेडिकलला विदर्भाचा कोटा आहे.’ 70:30 चं प्रादेशिक सूत्र 2020 मध्येच रद्द झालं. उलट वाशीम, हिंगोली, बुलढाणा आणि जालना या चारही जिल्ह्यांत नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आली. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यातल्या अशा दहा महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, एकूण 900 जागा.

‘ऑटोनॉमस म्हणजे खासगी.’ स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हातात. शासकीय कॉलेजही स्वायत्त असतं.

‘नॅकचं ए प्लस आहे, म्हणजे सगळ्या शाखा चांगल्या.’ नॅक अख्ख्या संस्थेला श्रेणी देते. शाखेची तपासणी एनबीए करते, म्हणून आपल्या शाखेला एनबीए आहे का, हे वेगळं विचारावं.

‘मुलींना सगळं फुकट.’ जुलै 2024 च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. वसतिगृह आणि मेस त्यात नाही. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेशही नाही.

आणि शेवटचा, दुकानातल्या खुर्चीवर रोज ऐकू येणारा: ‘वर मोठी नावं टाक, लागलं तर लागलं, नाही आवडलं तर पुढच्या फेरीत बदलू.’ 2025-26 च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला की तोच पक्का, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन विकल्पांना लागू झालं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. दिखाव्यासाठी वर टाकलेलं नाव खरोखर लागलं, तर मुलगा अडकतो. उलट हवं ते वर आणि त्याखालचं त्याखाली, असा क्रम लावला तर यंत्रणा गुणांप्रमाणे वरून खाली बघत जाते आणि मिळू शकणारा सगळ्यात वरचा विकल्प देते. खाली जास्त नावं टाकली म्हणून वरचं हुकत नाही. त्यामुळे यादी लांब ठेवावी, आणि पहिली पाच-सहा नावं टाकण्याआधी त्यातली निदान दोन कॉलेजं डोळ्यांनी बघून यावीत. वर्ग चालू असताना जावं, कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांशेजारी बसावं आणि विचारावं, की मागच्या महिन्यात प्रॅक्टिकल किती झाले. मामालाही सोबत न्यायला हरकत नाही.