ज्याच्या शब्दावर न्यायालय थांबते

मुंबई उच्च न्यायालयातला एखादा दिवस. अतिक्रमण म्हणून घर पाडण्याची नोटीस निघालेली, बुलडोझर उद्या सकाळी येणार, आणि कुटुंब स्थगितीसाठी धावत आलेले. प्रकरणात कायद्याचा मोठा प्रश्न असल्याने सरकारतर्फे स्वतः महाधिवक्ता उभे असतात. खंडपीठ त्यांच्याकडे बघते. ते मागे वळतात, विभागाच्या अधिकाऱ्याशी दबक्या आवाजात बोलतात, फाइलमधला एक कागद उलटून पाहतात आणि पुन्हा समोर वळून सांगतात, "पुढच्या तारखेपर्यंत कारवाई होणार नाही." न्यायमूर्ती ते निवेदन नोंदवून घेतात. स्थगितीचा वेगळा आदेश काढावा लागत नाही आणि त्या रात्री घर उभे राहते.

तसे पाहिले तर कोणत्याही सरकारी वकिलाचे निवेदन नोंदले जाते. पण महाधिवक्त्याच्या शब्दामागे संविधानाचा १६५वा अनुच्छेद उभा असतो.

मर्जी आणि पात्रता

महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल करतात, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता, म्हणजे वकील असल्यास किमान दहा वर्षांची उच्च न्यायालयातली वकिली, ही अट. ठरावीक मुदत नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद. मानधनही तेच ठरवतात.

वयाचा वाद गाजला तो नागपुरात. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते. त्या राज्याच्या महाधिवक्त्यांनी साठी ओलांडली होती आणि न्यायाधीश तेव्हा साठाव्या वर्षी निवृत्त होत. मग हे पात्र कसे, असा सवाल 'करकरे विरुद्ध शेवडे' खटल्यात आला. निवृत्तीचे वय म्हणजे पात्रतेची अट नव्हे, असे सांगून नागपूर उच्च न्यायालयाने नेमणूक कायम ठेवली. तोच आक्षेप उत्तराखंडातून पुन्हा वर गेला, तेव्हा २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि याचिकाकर्त्यांना एक लाख रुपयांचा खर्चही भरायला लावला.

आवाज आहे, मत नाही

राज्य सरकारला कायदेशीर सल्ला देणे हे पहिले काम. पण जबाबदारी तिथे संपत नाही. राज्याच्या संदर्भात संविधानाच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न दिवाणी दाव्यात आला, तर महाधिवक्त्याला नोटीस दिल्याशिवाय न्यायालय तो ठरवू शकत नाही. उच्च न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची कारवाई एखाद्या नागरिकाला सुरू करायची असेल, तर १९७१च्या कायद्यानुसार त्यांची लेखी संमती लागते. राज्याच्या बार कौन्सिलचे ते पदसिद्ध सदस्य असतात.

सर्वांत बोलकी तरतूद १७७व्या अनुच्छेदात आहे. महाधिवक्ता विधानसभेत आणि विधान परिषदेत जाऊन बोलू शकतो, कामकाजात भाग घेऊ शकतो. मतदान मात्र करू शकत नाही. सभागृहाने त्याचे ऐकावे, पण संख्याबळाच्या हिशेबात त्याला धरू नये. मला या एका ओळीत सगळे पद दिसते.

राजसत्तेपासून संविधानापर्यंत

हे पद ब्रिटिशांनी आणले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा मुंबईचे ॲडव्होकेट जनरल बेसिल लँग सरकारतर्फे उभे होते. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तेव्हाचा हा अधिकारी राजसत्तेचा होता. १९५० नंतर नाव तेच राहिले, पण निष्ठेचे ठिकाण बदलले.

हा बदल जगून दाखवला एच. एम. सीरवाई यांनी. १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे ते या पदावर होते, आधी मुंबई राज्याचे, मग महाराष्ट्राचे. घटनादुरुस्तीच्या मर्यादा ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्यात त्यांनी केरळ सरकारतर्फे, संविधानाच्या मूलभूत चौकटीच्या कल्पनेविरुद्ध युक्तिवाद केला. आणीबाणीनंतर मात्र आपल्या ग्रंथात त्यांनी त्याच सिद्धान्ताचे समर्थन केले. लढवलेली बाजू चुकली असे वाटले, की ते लिहून ठेवण्याचे धैर्य या माणसात होते.

पदाची दुसरी कडा २०१६ मध्ये दिसली. स्वतंत्र विदर्भ आणि मराठवाड्याबद्दलच्या वक्तव्यांवरून वादळ उठले आणि महाराष्ट्राचे तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी राजीनामा दिला. वकिलाला स्वतःची मते असतात. सरकारच्या मर्जीवरचे पद त्यातले किती पेलू शकते, हा प्रश्न तेव्हा उघड्यावर आला.

म्हणूनच सरकारने महाधिवक्ता निवडताना, अध्यादेशाचा मसुदा हाती आल्यावर "हे न्यायालयात टिकणार नाही" असे मंत्र्यांच्या तोंडावर सांगणारा माणूस शोधावा, असे मला मनापासून वाटते. तो सल्ला फाइलीत राहतो, बाहेर कुणाला दिसत नाही. पण मंत्रालयात असा नकार देऊ शकणाऱ्याचाच होकार न्यायालय निर्धास्तपणे नोंदवून घेते, आणि बुलडोझरच्या वाटेवरचे घर त्या होकाराच्या भरवशावर रात्र काढते.