विश्लेषण : जुन्या अमेरिकी घरांना सिमेंट का बाधते?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दीड-दोनशे वर्षांची विटांची अनेक घरे आजही नांदती आहेत. दोन शतकांचा बर्फ आणि पाऊस सोसलेल्या अशा भिंती कधी कधी चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीनेच खराब होतात. जुनी बांधकामे आधी अभ्यासावी लागतात, ती यासाठी.

नेमके बिघडते काय?

१९व्या शतकातील बहुतेक विटा चुना आणि वाळूच्या मसाल्यात रचलेल्या असत. किनाऱ्यालगत हा चुना कालवांचे शिंपले भाजूनही केला जाई. तो मऊ आणि सच्छिद्र. भिंत किंचित हलली तर ताण सांधा सोसतो, आत शिरलेले पाणीही सांध्यावाटेच बाहेर पडते. थोडक्यात, झीज सांध्याची व्हावी, विटेची नव्हे. सांधा पुन्हा भरता येतो.

डेव्हिड सेलर यांनी १८७१ मध्ये पेनसिल्व्हेनियात पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले आणि पुढे हे कडक सिमेंट सर्वत्र पोहोचले. जुन्या, मऊ विटांच्या सांध्यांत ते भरले की गणित उलटते. ताण विटेवर येतो, ओल आत कोंडते, हिवाळ्यात तिचा बर्फ होऊन फुगतो आणि विटेचा दर्शनी थर सुटून पडतो. भट्टीत भाजलेली ही वरची कातडीच टणक असते. ती गेली की वीट झपाट्याने झिजते.

मग दुरुस्ती कशी?

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसचा सल्ला सरळ आहे : नवा मसाला विटेपेक्षा मऊ आणि जुन्या मसाल्याइतका किंवा त्याहून मऊ हवा. त्यासाठी जुन्या मसाल्याचा तुकडा सौम्य आम्लात टाकतात. चुना विरघळतो, वाळू उरते. तिचा रंग आणि कण पाहून जुळणारी वाळू शोधली जाते. (वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही विरघळतो, तेव्हा आधी भिंगातून पाहणे बरे.) सांधा रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल कोरायचा. यंत्राने कोरल्यास काम लवकर होते, पण विटेची कडही सहज जाते.

घराचे वय खिळ्यांवरूनही ताडता येते. हाताने ठोकलेले खिळे सर्वांत जुने, यंत्राने कापलेले १७९० च्या दशकापासूनचे, तर तारेचे गोल खिळे १९व्या शतकाच्या अखेरीस रुळले. मात्र जुने खिळे उपसून पुन्हा वापरत असल्याने अभ्यासक एकट्या खिळ्यावर विसंबत नाहीत. लाकडावरील करवतीचे वळही पाहतात : सरळ वळ जुन्या करवतीचे, कमानदार वळ गोल पात्याचे.