खेळातली लालपरी कोणाची?

मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडीला राज्य परिवहन महामंडळाची कार्यशाळा आहे. टाटा किंवा अशोक लेलँडची चासी आणायची, तिच्यावर सांगाडा उभा करायचा, पत्रे ठोकायचे, आसने बसवायची आणि शेवटी लाल रंग द्यायचा, अशा रीतीने एस.टी.च्या कितीतरी बसगाड्या इथे तयार झाल्या. पिंपरी-चिंचवडच्या मुलांना ही बस लहानपणापासून ओळखीची असते.

हीच लाल बस आता मुलांच्या मोबाइलमध्येही धावते. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा खेळ मालेओ नावाच्या इंडोनेशियातील कंपनीने २०१७ साली आणला. त्यात कंपनीने दिलेल्या गाड्या चालवता येतातच, शिवाय खेळाडूला स्वतः तयार केलेली गाडीही आत घालता येते. अशा भरीला खेळाडू 'मॉड' म्हणतात. भारतातील हौशी खेळाडूंनी आपापल्या भागातल्या बसगाड्या बनवल्या आणि एकमेकांना दिल्या. त्यात आपली लालपरीही आली.

आता समजा, चिंचवडच्या एका शाळेतल्या नववीच्या मुलीने तीन महिने रोज संध्याकाळी संगणकासमोर बसून अशी एक बस बनवली. चाके मात्र तिने इंटरनेटवर सापडलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीची काढून लावली. बस तयार झाल्यावर तिने ती सर्वांना फुकट दिली. महिन्याभराने तिला दिसले की कोणीतरी तिचे नाव पुसून तीच बस पन्नास रुपयांना विकायला काढली आहे. ती वर्गात येऊन म्हणते, "बाई, माझी बस चोरली."

बाईंनी तिला काय सांगावे? बस खरोखरच तिची आहे का? असल्यास किती?

बस खेळात कशी जाते?

आधी तिने नेमके काय बनवले ते पाहू. संगणकाला बस ठाऊक नसते. त्याला बिंदू ठाऊक असतात. साधे खोके घ्या. त्याला आठ कोपरे. प्रत्येक कोपऱ्याची जागा तीन आकड्यांनी सांगता येते : किती उजवीकडे, किती वर, किती पुढे. खोक्याच्या सहा बाजूंपैकी प्रत्येकीचे दोन त्रिकोण पाडले की बारा त्रिकोण झाले. आठ बिंदू आणि बारा त्रिकोण एवढ्या माहितीवर संगणक खोके दाखवू शकतो.

बसचा गोलसर कपाळपट्टा, आरसे, चाके यांसाठी असे हजारो त्रिकोण लागतात. कोणता बिंदू कुठे ठेवायचा, कुठे बारकावा दाखवायचा आणि कुठे सोडून द्यायचा, हे बनवणाराच ठरवतो. त्रिकोणांचा सांगाडा झाला की त्यावर चित्र चढवायचे. वहीला रंगीत कागदाचे कव्हर घालावे तसे. लाल रंग, खिडक्यांच्या कडा, पाटीवरची अक्षरे हे सगळे त्या चित्रात असते.

दापोडीतल्या बसची दुसरी प्रत करायची तर पुन्हा चासी, पत्रा, मजुरी लागते. मुलीच्या बसची दुसरी प्रत करायला क्षणही पुरतो आणि खर्च जवळजवळ नाहीच. मूळ आणि प्रत यांत काडीचाही फरक नसतो. म्हणूनच इथे 'वस्तू कोणाकडे आहे' या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. 'प्रत काढण्याचा हक्क कोणाचा' हा खरा प्रश्न.

भोसरीतले ड्रॉइंग

हा फरक औद्योगिक पट्ट्यातल्या माणसांना नवा नाही. भोसरी, चाकणच्या लहान कारखान्यांत जॉबवर्क चालते. मोठी कंपनी ड्रॉइंग देते, त्याप्रमाणे कारखानदार डाय किंवा सुटा भाग बनवून देतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत बहुधा लिहिलेले असते की हे ड्रॉइंग अमुक कंपनीच्या मालकीचे असून परवानगीशिवाय त्याची नक्कल करू नये. ड्रॉइंग कारखानदाराच्या टेबलावर असते, घाम त्याच्या कामगारांचा असतो, तरीही तोच भाग परस्पर बाजारात विकायची मुभा त्याला मिळत नाही.

म्हणजे कष्ट कोणाचे, वस्तू कोणाच्या हातात आणि नक्कल करण्याची परवानगी कोणाची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. खेळातल्या बसबद्दलचे बहुतेक गोंधळ हे तीन प्रश्न एकत्र केल्याने होतात.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे प्रताधिकाराचा, म्हणजेच कॉपीराइटचा, कायदा १९५७ चा आहे. तो कल्पनेला संरक्षण देत नाही. कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. 'खेळात लाल एस.टी. आणावी' ही कल्पना कोणाचीच मालमत्ता नाही. दहा मुलांनी दहा लालपऱ्या बनवाव्यात. पण त्यांपैकी एकीने मांडलेले बिंदू आणि रंगवलेले चित्र जसेच्या तसे उचलणे ही नक्कल झाली.

हा हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. वयाचीही अट नाही. चौदा वर्षांची मुलगीही आपल्या कलाकृतीची पहिली मालक असते आणि हा हक्क निर्मात्याच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला देऊन टाकला तरी निर्माता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तिच्याकडेच राहतो. तेव्हा नाव पुसणाऱ्याने तिचे दुहेरी नुकसान केले आहे.

मात्र कारखान्यात छापासारख्या निघणाऱ्या वस्तूंसाठी कायदा वेगळा आहे. वस्तूच्या बाह्य आकाराची नोंदणी डिझाइन कायदा, २००० खाली करता येते. तिची मुदत १० वर्षे असून ती आणखी ५ वर्षांनी वाढवता येते. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलेच नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने कोणी त्यावरून ५० हून अधिक वस्तू काढल्या, तर त्या डिझाइनवरचा प्रताधिकार संपतो. कलेला दीर्घ संरक्षण आणि कारखानी मालाला मर्यादित, असा हा हिशेब आहे. दोहोंची सीमा कुठे आखायची यावर गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये निकाल दिला. तिथे वाद होता द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या ड्रॉइंगचा.

एका बसचे चार थर

आता मुलीची बस कांद्यासारखी सोलून पाहू.

पहिला थर खेळाचा. बस ज्या रस्त्यावर धावते तो रस्ता आणि खेळाची आज्ञावली कंपनीची. आपली गाडी आत घालायची परवानगी कंपनीने दिली आहे, पण ती तिच्या अटींवर.

दुसरा थर बसच्या त्रिकोणांचा आणि चित्राचा. हा मुलीचा. पण चाके तिची नाहीत. ती ज्याने बनवली त्याला तिने विचारलेले नाही. फुकट उतरवून घेता आले म्हणजे वापरायची परवानगी मिळाली असे होत नाही.

तिसरा थर खऱ्या बसच्या आकाराचा. डिझाइनची नोंदणी ज्या वर्गातल्या वस्तूंसाठी केली, त्या वर्गापुरतीच असते. पडद्यावरची बस ही पत्र्याची बस नव्हे. त्यामुळे हा थर इथे बराच पातळ आहे.

चौथा थर नावाचा आणि बोधचिन्हाचा. चासी बनवणाऱ्या कंपनीचे चिन्ह, एस.टी.चे चिन्ह यांना व्यापारचिन्ह कायदा, १९९९ लागू होतो. घरी हौसेने खेळणे आणि ते चिन्ह लावून माल विकणे यांत इथे मोठे अंतर आहे. ज्याने बस विकायला काढली तो मुलीच्या हक्काबरोबर या चौथ्या थरालाही हात घालतो आहे.

न्यायालयांत काय झाले?

हे वाद जुनेच आहेत. 'ड्यूक न्यूकेम थ्री-डी' या १९९६ च्या खेळात खेळाडूंना नवे टप्पे तयार करण्याची सोय दिली होती. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने इंटरनेटवरून खेळाडूंनी बनवलेले ३०० टप्पे गोळा केले आणि एका सीडीवर घालून विकले. तिचा बचाव असा की या फायलींत मूळ खेळाचे एकही चित्र नाही. कोणती वस्तू कुठे ठेवायची एवढ्याच सूचना आहेत. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९९८ साली हा बचाव मानला नाही. ते टप्पे म्हणजे मूळ कथेचे पुढचे भागच आहेत, असे न्यायालयाने ठरवले. खेळाडूंना टप्पे बनवून फुकट वाटण्याची मुभा होती, विकण्याची नव्हती.

आपल्याकडचा खटला २००८ चा. कोलकात्याच्या दोन भावांनी 'स्क्रॅब्युलस' हा शब्दांचा खेळ इंटरनेटवर आणला. 'स्क्रॅबल'ची मालक मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात गेली. खेळाच्या पटावरचा प्रताधिकाराचा दावा न्यायालयाने मान्य केला नाही, पण नावाच्या बाबतीत मॅटेलचे म्हणणे उचलून धरले. पुढे तो खेळ 'लेक्स्युलस' या नावाने चालला. एकाच खेळाच्या दोन थरांना दोन वेगळी उत्तरे मिळाली.

वाहनांच्या बाबतीत २०२० चा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी' या युद्धाच्या खेळात 'हमव्ही' ही लष्करी गाडी दाखवल्याबद्दल तिच्या उत्पादकाने खेळाच्या कंपनीवर दावा लावला होता. युद्ध खरे वाटावे यासाठी खरी गाडी दाखवणे हा कलेचाच भाग आहे, असे म्हणत न्यूयॉर्कच्या न्यायालयाने खेळाच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. पण विचाराची दिशा त्यातून कळते.

अटींचा मजकूरही कंपनीगणिक बदलतो. 'सेकंड लाइफ' चालवणाऱ्या कंपनीने २००३ साली जाहीर केले की खेळाडूंनी बनवलेल्या वस्तूंवरचे हक्क खेळाडूंचेच राहतील. उलट 'वॉरक्राफ्ट थ्री'ची नवी आवृत्ती २०२० मध्ये काढताना ब्लिझर्ड कंपनीने अट घातली की त्या खेळात कोणीही बनवलेले नवे खेळ कंपनीच्या मालकीचे असतील. यामागे अनुभव होता. त्याच खेळात खेळाडूंनी 'डोटा' हा नवा खेळ उभा केला होता आणि त्याचा पुढचा अवतार दुसऱ्याच कंपनीने बाजारात आणून यशस्वी केला होता. 'मला मान्य आहे' या चौकटीवर बोट ठेवण्याआधी तो कंटाळवाणा मजकूर वाचायचा तो यासाठी.

परवानगी कशी मागावी?

भारतीय कायद्यात हक्क देऊन टाकायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. नुसती वापराची परवानगीही लेखी असावी. पत्रात कोणती वस्तू, कशासाठी, किती काळ, कोणत्या प्रदेशात, बदल चालतील का, पैसे घेणार का आणि श्रेय कसे देणार, हे असावे. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असे कायदा धरून चालतो. शिवाय १८ वर्षांखालील मुलामुलींनी केलेला करार आपल्या करार कायद्यात टिकत नाही. तेव्हा मुलगी मालक असली तरी कागद पालकांच्या सल्ल्याने आणि सहीनेच व्हावा.

स्वतःची वस्तू वाटायचीच असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत. 'नाव द्या', 'विकू नका', 'बदल करू नका' अशा अटींतून आपल्याला हव्या त्या निवडून वस्तूसोबत लिहायच्या. मुलीने असे काही लिहिले नव्हते. लिहिले नाही म्हणून तिचा हक्क गेला नाही, पण घेणाऱ्याला तो दिसलाही नाही.

तर बाईंनी तिला सांगावे की, हो, तुझ्या हक्कावर घाला पडला आहे. बस बनवतानाच्या अर्धवट, तारखांसह असलेल्या फायली जपून ठेव. तोच तुझा पुरावा. जिथे ती विकायला ठेवली आहे तिथल्या चालकांकडे पालकांमार्फत लेखी तक्रार कर. पण त्याआधी एक पत्र तुलाही लिहायचे आहे, ज्याची चाके तू घेतलीस त्याला. 'नाही' असे उत्तर आले तर बारा बाजूंचे का होईना, स्वतःचे चाक बनव.

वर्गात करून पाहा

शाळेच्या हस्तलिखितातले एखादे चित्र किंवा मुलांच्या मोबाइलमधली एखादी गाडी घ्या. फळ्यावर चार स्तंभ आखा : यात काय काय आहे, ते कोणी बनवले, कोणाला विचारले, कोणाला विचारायला हवे होते. पहिले दोन स्तंभ मुले झरझर भरतील. तिसऱ्यापाशी वर्ग शांत होईल. चर्चा तिथूनच सुरू करावी. हस्तलिखितातले चित्र निवडले असेल, तर ते छापण्यापूर्वी आपण त्या विद्यार्थ्याला विचारले होते का, हा प्रश्न शिक्षकांनी त्याच स्तंभात स्वतःसाठीही लिहावा.