काठा, उघाडी आणि हिंदमाता

परळची सखल वस्ती आणि पेणचं खारेपाट यांच्यात एक नातं आहे. दोन्हीकडची बरीचशी जमीन मुळात समुद्राची. भरतीला पाणी आत यायचं, ओहोटीला निघून जायचं. मधे कुणीतरी बांध घातला आणि पाण्याला सांगितलं, आता इथून पुढे यायचं नाही. खारेपाटातल्या माणसाला हा बांध रोज दिसतो, कारण त्याचं भात त्याच्यावर अवलंबून असतं. परळ-लालबागकरांचा बांध रस्त्याखाली गाडला गेला आहे. त्यामुळे तिथल्या हिंदमाता चौकात गुडघाभर पाणी साचलं की आपण पावसाला नाहीतर महापालिकेला शिव्या देतो. बांध आठवत नाही.

मी लालबागचा, पण आजोळ पेण तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठी. तिथे मे महिना हा काठ्याच्या दुरुस्तीचा महिना. खाडीच्या अंगाचा मोठा बांध तो बाहेरकाठा. आत शेतांच्या मधले लहान ते आतले काठे. बाहेरकाठा उधाणाचं पाणी अडवतो. तो फुटलाच तर आतल्या काठ्यांनी निदान सगळं शिवार एकदम जाऊ देऊ नये, अशी ती मांडणी.

दुरुस्ती लांबून पाहिली तर नुसती चिखलफेक वाटते. जवळ उभं राहिलं की तिचे नियम कळतात. चिखल खाडीच्या बाजूचा घ्यायचा, चिकण, काळा, खडा नसलेला. पण तो काठ्याच्या पायथ्यालगतचा घ्यायचा नाही. पायथ्याशी खड्डा पडला की काठा त्यातच घसरतो. जुन्या, सुकलेल्या अंगावर ओला चिखल नुसता थापून चालत नाही. वाळला की तो पापुद्रा होऊन सुटतो. म्हणून आधी फावड्याने जुना थर खरवडायचा, गवताची मुळं उपटायची, पाणी मारायचं आणि मग नवा थर टाकून पायाने तुडवायचा. तो जरा घट्ट झाला की पुढचा. खाडीकडचा उतार पसरट ठेवायचा, म्हणजे लाट त्यावर चढता चढता दमते. उभा ठेवला तर ती पायथा खणते. आणि माथा हवा त्याहून थोडा उंचच ठेवायचा, कारण ओला चिखल वाळताना बसतो आणि पावसाळ्याआधीच वीतभर उंची गिळून टाकतो.

हल्ली पोकलेन येतं. आठवड्याचं काम दिवसात उरकतं, पण ते चिखल उचलून ओततं, तुडवत नाही. त्यामुळे मशिनने घातलेल्या काठ्यावर पहिल्या पावसाळ्यात जास्त लक्ष ठेवावं लागतं.

सगळ्यात बारीक काम खेकड्यांच्या बिळांचं. गावातले एक जाणते काका हातात काडी घेऊन काठ्यावरून चालतात. बिळाच्या तोंडाशी पडलेली माती आधी बघतात. ओली आणि ताजी असेल तर बीळ चालू आहे. मग काडी आत सारून बिळाचा कल पाहतात. खाली, खाडीकडेच उतरत असेल तर फार चिंता नाही. आडवं आत, शेताच्या दिशेने जात असेल तर तिथे थांबतात आणि फावडं मागवतात.

"काका, तोंड बुजवून नाही भागत?" मी विचारलं.

"तोंड बुजवशील. पोटाचं काय?"

मग ते बीळ शेवटापर्यंत उकरून मोकळं करतात आणि तळापासून चिखल ठासत वर येतात. कारण उधाणाला त्या बोटभर वाटेने पाणी आत शिरलं की सोबत माती घेऊन जातं. वाट रुंदावते, वरची माती खचते आणि दोन-तीन भरत्यांत काठ्याला खांड पडते.

खांड पडली की घाई आणि घड्याळ दोन्ही सुरू. पाणी भरतीला आत जातं, ओहोटीला बाहेर येतं, आणि दोन्ही वेळा खांडीचा तळ खरवडत राहतं. आज जे काम पन्नास माणसांचं, ते आठवड्याने दोनशेंनाही आवरत नाही. तरी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तिला हात घालण्यात अर्थ नसतो. भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस गाठायचे, तेव्हा भरती लहान असते. दोन्ही टोकांकडून भरत यायचं आणि शेवटचं तोंड पाणी पूर्ण उतरलेलं असताना, पुढची भरती चढायच्या आत बंद करायचं. तेवढे काही तास हातात असतात. ते हुकले तर सारं पुन्हा पहिल्यापासून. आणि खारं पाणी एकदा जमिनीत मुरलं की मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर राता भातासारखा खार सोसणारा वाणही धड येत नाही.

पण इतका मजबूत काठा घालूनही शेत बुडू शकतं, बाहेरच्या नव्हे तर आतल्या पाण्याने. जुलैत डोंगराकडून उतरणारं पावसाचं पाणी काठ्याच्या आत तुंबतं. त्याला वाट देते ती उघाडी. काठ्यात एक मोरी, तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून बिजागरीला टांगलेली लाकडी झडप. भरतीचं पाणी तिच्यावर दाबतं, झडप आपोआप मिटते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतल्या पाण्याचा जोर वरचढ होतो आणि झडप उघडून पाणी बाहेर पडतं. माणूस नको, वीज नको. मात्र झडपेत एक ओंडका किंवा फाटक्या जाळ्याचा तुकडा अडकला की ती मिटत नाही, आणि भरती थेट शिवारात. कधी कुणी मासळीसाठी मुद्दामच तिच्यात दगड ठेवतो, आणि मग गावात भांडण. म्हणून पावसाळ्यात उघाडीवर कुणीतरी लक्ष ठेवून असायचंच.

हे 'कुणीतरी' म्हणजे कोण, यावर खारेपाटाचं सगळं भवितव्य आहे. पूर्वी शिलोत्रदार असत. शेतकऱ्यांकडून बिघ्यामागे ठरलेलं भात घ्यायचं आणि बाहेरकाठा राखायचा, असा तो करार. आतले काठे शेतकऱ्यांनी पाहायचे. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये खारभूमीचा कायदा आला, 1979 मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास अधिनियम आला, आणि बाहेरकाठा सरकारी योजनेत गेला. योजनेत दुरुस्तीला अंदाजपत्रक लागतं, मंजुरी लागते, निविदा लागते. खांड त्यासाठी थांबत नाही. त्यात पोरं नोकरीला मुंबईत, कंपन्यांत, शेती पडीक. खांड वेळेत भरली नाही की आत तिवरं उगवतात, आणि तिवरांना कायद्याचं संरक्षण असल्याने ती जमीन परत शेतीत आणणं फार अवघड होऊन बसतं.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेही मातीचं. भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. त्यानंतर तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांची टिंगल केली. आमच्या आजोळच्या गावात मात्र कुणी हसलं नाही. खेकडा बांध पोखरतो हे त्यांना पोरवयापासून ठाऊक. राग त्यांना वेगळ्याच गोष्टीचा आला: खेकडा पोखरतो म्हणूनच तर काडी घेऊन फिरायचं असतं. मातीच्या बांधाला बीळ पडणं हा अपघात नाही. ते न दिसणं हा गुन्हा आहे.

आता परळकडे येऊ. अठराव्या शतकात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरती आत शिरायची आणि बेटांच्या मधला सखल भाग पाण्याखाली जायचा. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत ते खिंडार बांध घालून बुजवायचं काम निघालं. 1784 च्या सुमारास ते पुरं झालं. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांना देवीने स्वप्नात दृष्टांत दिला, पाण्यातून मूर्ती काढल्यावर बांध टिकला, आणि तिथे महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं, ही आख्यायिका मुंबईकरांना माहीत आहे. खांडीचं शेवटचं तोंड किती छळतं हे पाहिलेल्या माणसाला तिच्यात फक्त चमत्कार दिसत नाही, दमलेली माणसंही दिसतात. त्या बांधावरून आज लाला लजपतराय मार्ग जातो.

मुंबईचा हा बाहेरकाठा. त्याच्या आतली जमीन कोरडी झाली, पण उंच झाली नाही. पुढे तिच्यावर गिरण्या आल्या, चाळी आल्या. हिंदमाताचा चौक तर चहूबाजूंच्या उतारांचा तळ. जुनी पावसाळी गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती. मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता ताशी 50 मिलिमीटर करायला सांगितली. पण क्षमता कितीही वाढवली तरी उघाडीचा नियम सुटत नाही: बाहेर भरती असेल तर पाणी आपणहून बाहेर पडणार नाही. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा वर्तमानपत्रं छापतात, ती म्हणजे आपली उघाडी कधी मिटणार याचीच यादी.

म्हणून हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर आणि रे रोडजवळच्या ब्रिटानिया इथे पंपिंग स्टेशनं उभारली गेली. दारं समुद्र अडवतात आणि पंप आतलं पाणी उचलून भरतीच्या डोक्यावरून पलीकडे फेकतात. एकेक पंप सेकंदाला 6,000 लिटरचा. हिंदमातासाठी त्याही पुढे जाऊन दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली प्रचंड टाक्या खोदल्या. चौकातलं पाणी पंपाने तिथे न्यायचं, भरती उतरेपर्यंत साठवायचं, मग सोडायचं. युक्ती चांगली आहे आणि पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं. पण खाडीकाठची झडप आपोआप चालते. इथे वीज लागते, पंप वेळेवर सुरू करणारा माणूस लागतो, आणि जाळीशी येऊन अडकणाऱ्या प्लास्टिकचा ढीग भर पावसात उपसणारे हात लागतात. ती पिशवी म्हणजे झडपेतला ओंडकाच, फक्त तो आपण आपल्या हाताने टाकलेला.

आपली चर्चा मात्र नव्या टाकीच्या खर्चावर आणि उद्घाटनावर संपते. बांधणं एकदा होतं. राखणं दर भरतीला करावं लागतं, आणि त्याची बातमी होत नाही. खारेपाटात काठा फुटला की पहिला प्रश्न असतो, पाळी कुणाची होती? हिंदमाताला पुढच्या वेळी पाणी साचेल तेव्हा पाऊस किती मिलिमीटर पडला एवढंच विचारून सोडू नये. भरती किती वाजता होती, पंप किती वाजता सुरू झाले, जाळी शेवटची कधी साफ केली आणि त्या पाळीला कोण होतं, हेही विचारावं. ही नोंद प्रत्येक पावसानंतर लोकांसमोर ठेवायला नवी टाकी खोदावी लागत नाही.