अक्सीर दवा, हमखास इलाज : दीडशे वर्षांचा जुना धंदा आणि आपली घरं

माझ्या खालाला बारा वर्षांपासून शुगर आहे. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या, रोज दोन वेळा घ्यायची. दोन वर्षांपूर्वी आमच्या बीबीच्या बाजारात एक गाडी आली. वर भोंगा, खाली बाटल्यांची रास. "शुगर मुळापासून खतम, नव्वद दिवसांत गोळी बंद, फायदा नाही तर पैसे वापस." खालाने तीन बाटल्या घेतल्या आणि गोळ्या बंद केल्या. घरात कुणाला सांगितलं नाही. चौथ्या महिन्यात पायाला लहानशी जखम झाली, ती भरेचना. शहरातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा दोन बोटं कापावी लागली.

मी बाटली पाहिली. त्यावर झाडपाल्याचं चित्र होतं, फायदे अठरा रोगांचे लिहिले होते. बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, लायसन्स नंबर नव्हता, आत काय आहे तेही नव्हतं. पैसे वापस मागायचे तर कुणाकडे?

मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. पण हा प्रकार नवा आहे का, हे शोधायला लागलो तेव्हा कळलं की भोंग्यावरचं एक एक वाक्य राणी व्हिक्टोरियाच्या काळापासून चालत आलं आहे. म्हणून हा लेख.

"पेटंट" नावाचं, पेटंट नसलेलं

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत "पेटंट मेडिसिन" नावाच्या औषधांचा पूर आला होता. पेटंट म्हणजे मुळात राजाने दिलेली सनद. पण या औषधांपैकी बहुतेकांचं पेटंट काढलेलंच नव्हतं. कारण साधं आहे : पेटंट घ्यायचं तर औषधात काय आहे ते उघड करावं लागतं, आणि या धंद्याचा पाया तर "गुप्त नुस्खा" हाच होता. म्हणून मालक फक्त नाव आणि लेबल सांभाळायचे.

आणखी एक गंमत होती. ब्रिटिश सरकार अशा औषधांवर कर घ्यायचं आणि त्याचा स्टॅम्प बाटलीवर चिकटवलेला असायचा. तो स्टॅम्प फक्त कर भरल्याची पावती होता. पण लोकांना वाटायचं की औषध सरकारने पास केलं आहे. आज बाटलीवर "आयएसओ प्रमाणित", "जीएमपी" असे गोल शिक्के दिसतात. ते कारखान्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतात. औषधाने शुगर जाते, असं त्यातला एकही शिक्का सांगत नाही.

साबण, आलं आणि काळाबोळ

त्या काळी इंग्लंडमध्ये थॉमस बीचमच्या गोळ्या घराघरांत होत्या. जाहिरात होती की डबीची किंमत एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, मोजावी इतका तिचा गुण आहे. विक्रीची किंमत एक शिलिंग दीड पेनी. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 'सीक्रेट रेमेडीज' नावाचं पुस्तक काढलं. त्यात अशी औषधं प्रयोगशाळेत तपासून आत काय आहे ते छापलं. बीचमच्या गोळीत निघालं काय? काळाबोळ (आपले हकीम ज्याला एलवा म्हणतात), आलं आणि साबण. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धी फार्दिंग. एका पेनीत चार फार्दिंग. हिशोब करा, मालाच्या किमतीपेक्षा विक्री शंभरपटीहून जास्त.

एलव्याने पोट साफ होतं, हे खरं. बद्धकोष्ठ असेल तर माणसाला हलकं वाटेल. पण जाहिरात फक्त पोटावर थांबत नव्हती. ती यादीत आणखी किती तरी आजार घालायची.

थॉमस हॉलोवे नावाच्या दुसऱ्या माणसाने १८३७ पासून मलम आणि नंतर गोळ्या विकल्या. जाहिरात जगभर, अनेक भाषांत. या पैशातून त्याने मुलींसाठी भव्य कॉलेज बांधलं, त्याचं उद्घाटन १८८६ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने केलं. कॉलेज चांगलंच झालं. पण पैसा औषधापेक्षा जाहिरातीतून आला होता.

गुण येतो असं का वाटतं?

ही औषधं खपली, कारण लोक मूर्ख होते म्हणून नाही. डॉक्टर महाग होता. त्याचे इलाजही भयंकर होते, रक्त काढणं, पारा खायला देणं. त्यापेक्षा दुकानातली गोड बाटली बरी. आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यात रांग असते, तपासणीला खर्च येतो, डॉक्टरला बोलायला वेळ नसतो. भोंगेवाला मात्र अर्धा तास बोलतो, "अम्मीजान, त्रास सांगा" म्हणतो. हे आपण मान्य केलं पाहिजे.

पण गुण आल्यासारखं वाटण्याची दोन मोठी कारणं आहेत.

पहिलं, आत लपवलेलं काहीतरी. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हा इंग्रजांच्या भारतातल्या फौजेतला डॉक्टर. १८४८ च्या सुमारास त्याने कॉलऱ्यासाठी "क्लोरोडाइन" बनवलं. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होता. अफूने जुलाब थांबतात, दुखणं बधिर होतं, झोप येते. लोकांना वाटलं जादू. पण सवय लागायची आणि जास्त झालं तर जीव जायचा. अमेरिकेत "मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप" दात येणाऱ्या बाळांना द्यायचे, त्यात मॉर्फिन होतं. बाळ शांत व्हायचं, काही बाळं कायमची. आपणही मागे नव्हतो. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या लेकरांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जायच्या.

आज अफूची जागा स्टेरॉइडने घेतली आहे. "सांधेदुखीची जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं तपासणीत अनेकदा आढळलं आहे. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो. मग चेहरा सुजतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. असं औषध एकाएकी बंद केलं तर तेही धोक्याचं. म्हणून कुणी अशी पुडी महिनोन्महिने घेत असेल तर ती फेकून देऊ नका, पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.

दुसरं कारण, आजार आपोआप बरा होणं. ताजं उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस भराभर गळाले, काहींना चार दिवसांत टक्कल पडलं. आयसीएमआरचं पथक आलं, नमुने घेतले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. काही आठवड्यांनी अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले. आता विचार करा, त्या मधल्या काळात कुणी डोक्याला एखादं तेल लावलं असतं तर? केस आल्यावर श्रेय तेलालाच मिळालं असतं. फोटोसकट जाहिरात झाली असती, "आधी" आणि "नंतर".

काविळीचंही तसंच. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत विश्रांतीने उतरते. माळ घालणाऱ्याला श्रेय मिळतं. हातावरून पिवळं पाणी उतरतं ना, ते आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी एकत्र आल्याने होतं. निरोगी माणसाच्या हातावरही होतं. शाळेत करून बघा.

मग खरं औषध कसं ओळखतात?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार असलेल्या कैद्यांना टोचली, बाकीच्यांना नाही. दोन्ही गटांत किती आजारी पडले, किती दगावले, ते मोजलं. टोचलेल्यांत आजार कमी निघाला.

फरक इथे आहे. भोंगेवाला बऱ्या झालेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. हाफकिन यांनी दोन गट मोजले, बरे झालेले आणि न झालेले, दोन्ही. ज्यांना गुण आला नाही त्यांचं पत्र जाहिरातीत कधीच छापलं जात नाही.

पोस्टाने आलेली लाज

आपल्या वऱ्हाडात १८६० च्या दशकात रेल्वे मलकापूर, शेगावपर्यंत आली. १८७७ मध्ये भारतीय टपाल खात्याने व्हीपीपी सुरू केली. म्हणजे जाहिरात वाचा, पत्र टाका, पार्सल घरी आल्यावर पोस्टमनकडे पैसे द्या. औषधवाल्यांना ही सोय फार मानवली. विशेषतः ज्या आजारांबद्दल माणूस घरातही बोलत नाही त्यांच्यासाठी : मर्दानी कमजोरी, मूल न होणं, बायकांचे आजार. दुकानात जायला नको, डॉक्टरला तोंड दाखवायला नको.

ही लाजच खरा माल आहे. औषधाने गुण आला नाही तर माणूस तक्रार करत नाही, कारण तक्रार करायची तर आजार सांगावा लागतो. माझ्या खालानेही म्हणूनच चार महिने तोंड उघडलं नाही. आज मोबाइलवर "पार्सलवर नाव लिहिलं जाणार नाही" असं वाचाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

कायदा काय म्हणतो

१९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर १९४० चा औषध कायदा आला. मग १९५४ मध्ये "औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा" झाला. या कायद्याच्या यादीत ५४ आजार आणि अवस्था आहेत : मधुमेह, कॅन्सर, मोतीबिंदू, मिरगी, हृदयरोग, मुतखडा, लठ्ठपणा, नपुंसकता, उंची वाढवणे वगैरे. हे बरे करतो अशी जाहिरात लोकांसमोर करणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत. तावीज, मंत्राने रोग बरा करण्याची जाहिरातही यात येते.

या कायद्याला दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. १८ डिसेंबर १९५९ रोजी निकाल लागला. यादीत आणखी आजार घालण्याचा सरकारचा मोकळा अधिकार आणि जप्तीचं कलम कोर्टाने रद्द केलं. पण मुख्य गोष्ट कायम ठेवली : अशी व्यापारी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे. हमदर्दचं औषध खोटं आहे असं कोर्टाने म्हटलं नाही, हेही सांगायला हवं. आणि २०२४ मध्ये पतंजली आयुर्वेदला फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात याच न्यायालयासमोर माफी मागावी लागली, ती वर्तमानपत्रांत छापावी लागली. म्हणजे हा प्रश्न आपला-परका असा नाही, युनानीचा किंवा आयुर्वेदाचा नाही. शिकलेला हकीम, शिकलेला वैद्य रुग्णाला तपासून औषध देतो. भोंग्यावरून अख्ख्या बाजाराला एकच बाटली देत नाही.

आपल्यात अशा बाटल्यांवर दीनी शब्द टाकून विकण्याची पद्धत वाढली आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, शंका घेतली तर गुनाह होईल. पण हदीसमध्येच आलं आहे की वैद्यकीचं ज्ञान नसताना जो इलाज करतो, तो नुकसानीला जबाबदार आहे. विचारणं हा आपला हक्क आहे.

घरी काय करायचं

बाटली हातात घ्या. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, आतले घटक, हे सगळं आहे का बघा. युनानी, आयुर्वेदिक औषधांनाही हे बंधनकारक आहे. एकच औषध दहा रोगांवर चालतं असं लिहिलं असेल, "डॉक्टरची गोळी बंद करा" असं सांगितलं असेल, तर तिथेच थांबा. बिल मागा. बिल देत नसेल तर औषध घेऊ नका. शुगर, बीपी, मिरगी, टीबीची गोळी कुणाच्या सांगण्यावरून स्वतः बंद करू नका.

फसवणूक झाली असेल तर बाटली, बिल, मोबाइलवरच्या जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

हा लेख लिहू का, असं मी खालाला विचारलं. ती म्हणाली, "नाव लिहू नको बेटा, पण लिही. मी कुणाला सांगितलं असतं तर बोटं वाचली असती." आता ती गोळ्या वेळेवर घेते. या जुम्म्याला नमाजनंतर घरी गेलात की आपल्या अम्मी-अब्बांच्या, दादीच्या उशाशी ठेवलेल्या बाटल्या एकदा बघा. रागावू नका, हसू नका. फक्त विचारा, हे कुठून घेतलं, आणि जुनी गोळी चालू आहे ना?